बंद करू नये

माझी सगळ्यात ठाम मतं ज्यांना माहीत आहेत, त्यांतल्या एकानेही मला पाहिलेलं नाही. कॉम्प्युटरबद्दल बोलणाऱ्या लोकांचा इंटरनेटवर एक फोरम आहे. कॉलेजात असल्यापासून मी तिथे आहे. तिथलं माझं नाव खोटं आहे आणि फोटोच्या जागी फ्लॉपीचं चित्र आहे. तिथे मी भांडते. बॅटरी आतच चिकटवून टाकणाऱ्या कंपन्यांवरून, चांगले चालणारे फोन दोन वर्षांत भंगारात काढणाऱ्यांवरून, सगळे फोटो दुसऱ्याच्या सर्व्हरवर टाकून निर्धास्त राहणाऱ्यांवरून. प्रश्नही विचारते. त्यातला एक प्रश्न मी पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या शब्दांत विचारलेला आहे: जे मशीन बंद करायची भीती वाटते, ते चालू आहे असं म्हणायचं का? लोकांनी थट्टा केली, काहींनी आपापल्या ऑफिसातल्या म्हाताऱ्या सर्व्हरच्या कहाण्या सांगितल्या. उत्तर कुणी दिलं नाही.

प्रत्यक्षात मी रिक्षावाल्याला ‘इथे थांबवा’ म्हणायच्या आधी घसा खाकरते. आचोळ्याच्या आमच्या बिल्डिंगमधल्या काकू जिन्यात विचारतात, “काय गं, तुझं ते कॉम्प्युटरचं काय चाललंय?” मी म्हणते, “बरं चाललंय.” सगळं शिक्षण इंग्रजीत झाल्यामुळे हे विषय डोक्यात इंग्रजीतच येतात. मराठीत बोलायचं तर वाक्य आधी मनात जुळवून घ्यावं लागतं, आणि तोवर माणसं दुसऱ्या विषयावर गेलेली असतात.

घरात मात्र मला एक श्रोता आहे. पप्पा. ते वसईजवळ सातिवलीच्या एका गाळ्यात फोरमन आहेत. तिथे पुठ्ठ्याचे बॉक्स कापायच्या डाय बनतात. डाय म्हणजे प्लायवूडची एक पाटी. तिच्यात बॉक्सच्या आकाराच्या बारीक खाचा कापायच्या आणि खाचांत वाकवलेली पोलादी पाती ठोकून बसवायची. ती पाटी मशीनमध्ये लावून पुठ्ठ्यावर दाबली की सपाट, उलगडलेला बॉक्स कापून निघतो; दुकानदार तो घड्यांवर दुमडून उभा करतो. दिवाळीच्या आधी मिठाईच्या बॉक्सची घाई असते. प्रत्येक बॉक्सचं डिझाइन पप्पा स्वतः कॉम्प्युटरवर काढतात. कुठली घडी कुठे मोडेल, कुठली जीभ कुठल्या फटीत अडकेल, म्हणजे गोंद न लावता तळ टिकेल. नातेवाइकांच्या घरी मिठाई आली की आधी बॉक्स उलटा करून तळ बघणारे ते एकटेच.

खाचा कापणारं लेसर मशीन ज्या कॉम्प्युटरवर चालतं तो फार जुना आहे. त्याच्यावरचं विंडोज आता कुठेच वापरत नाहीत. पण मशीनचं कार्ड नव्या विंडोजवर चालत नाही, आणि मशीन बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली आहे. म्हणून तो कॉम्प्युटर वर्षानुवर्षं बंदच केलेला नव्हता. त्याच्यासाठी वेगळा यूपीएस होता, बाहेर जनरेटर होता. कॉम्प्युटरच्या डब्यावर गाळ्याच्या मालकाने, शेठने, लाल अक्षरांत छापून आणलेला स्टिकर होता: बंद करू नये. डिझाइनं चोरीला जाऊ नयेत म्हणून पुढचे पेनड्राइव्हचे खण शेठने लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवले होते, मागच्या बाजूला कुलपाची जाळी होती. आधीच्या फोरमनला पेनड्राइव्ह लावताना पकडलं तेव्हा त्याच दुपारी घरी पाठवलं होतं. दुसरी कॉपी कुठेच नव्हती.

हे सगळं मला पप्पांकडूनच कळलं होतं. जेवताना मी एकदा बोललेही. म्हटलं, “पप्पा, तो इतकी वर्षं बंद केलेला नाही म्हणजे तो चांगला आहे असं नाही. तो परत उठेल की नाही हे कुणाला माहीतच नाही. अधूनमधून बंद करून चालू करायलाच पाहिजे. बिघाड असेल तर तो आपल्या सोयीने कळलेला बरा.”

“म्हणजे आपणच त्याला झोपवायचं?”

“हो. पण आधी सगळं कॉपी करून.”

“जेवताना मशीनं नकोत,” मम्मी म्हणाली. पप्पा हसले आणि त्यांनी आमटी वाढून घेतली. माझं दुसरं वाक्य त्यांनी ऐकलं की नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

दसऱ्याला गाळ्यात पूजा असते. आदल्या दिवशी सगळी मशीनं पुसून, तेल देऊन बंद करतात. दसऱ्याला झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, नारळ. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, ते विश्रांतीला असतं. पप्पा दुपारी आपट्याची पानं आणि पेढे घेऊन आले, खुशीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेले आणि थोड्याच वेळात स्कूटर घेऊन परत आले. चपला न काढता दारातच उभे राहिले.

“येतेस जरा? गाळ्यात.”

इतक्या वर्षांत त्यांनी मला गाळ्यात कधी नेलं नव्हतं. मी लॅपटॉपवर माझं ऑफिसचं काम करत होते. मी घरूनच एका कंपनीचं सॉफ्टवेअर तपासते. सुट्टी टाकली, बॅगेत स्क्रू ड्रायव्हरचा संच आणि एक रिकामी हार्ड डिस्क टाकली आणि मागे बसले.

सातिवलीच्या वळणावर, जिथे गोदामांची रांग सुरू होते, तिथे त्यांनी स्कूटर कडेला घेतली. इंजिन बंद केलं. मागे न बघता म्हणाले,

“कॉम्प्युटर चालू होत नाही. निळा पडदा येतो आणि परत पहिल्यापासून.”

“बंद कसा पडला?”

“शेठला मी सांगितलंय, आपोआप बंद पडलेला होता.”

मी बॅग मांडीवर घेतली.

“आपोआप नाही पडला,” ते म्हणाले. “पूजेला सगळी मशीनं बंद केली. दर वर्षी हा एकटा चालू असतो. मला वाटलं, वर्षभर जागा असतो बिचारा, एक दिवस त्यालाही मिळू दे. नीट शटडाऊन केला. मग यूपीएस बंद केला, मग भिंतीतलं बटण.” एक टेम्पो हॉर्न देत गेला. “तूच म्हणालीस ना गो, अधूनमधून बंद करावा.”

कॉपी करून, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. त्यांची मान मागून दिसत होती, कॉलरजवळ कालच्या कुंकवाचा डाग होता.

“शेठला हे कळता कामा नये,” ते म्हणाले. “आधीच्याचं काय झालं ठाऊक आहे तुला. या वयात मला दुसऱ्या गाळ्यात कोण उभा करील? आणि डिझाइनं गेली तर मग मीही कशाला.”

फोरमवर माझा सगळ्यात जास्त राग ज्या लोकांवर असतो, ते आठवले. मशीन बिघडलं म्हणून मदत मागायला येतात आणि आपण स्वतः काय केलं तेवढं सोडून सगळं सांगतात. मी त्यांना नेहमी एकच प्रश्न विचारते: शेवटचं काय बदललं? आणि ते नेहमी म्हणतात, काहीच नाही.

मी म्हटलं, “चला.”

गाळ्यात शिरताच जळक्या प्लायवूडचा वास आला. मशीनं अजून माळांत होती. टेबलाशी एक इंजिनिअर बसला होता. वसई स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानातून शेठने बोलावलेला, माझ्याहून थोडा मोठा, कानात हेडफोनचं एक बोंड. त्याच्या मागे शेठ हाताची घडी घालून उभे. बाजूला पाती ठोकणारे एक कारागीर होते, मिठागरांकडच्या गावातले, पप्पांच्याच वयाचे. हातातली हातोडी त्यांनी खाली ठेवली नव्हती.

“ही माझी मुलगी,” पप्पा म्हणाले. “हिला यातलं कळतं.”

“अच्छा!” इंजिनिअर वळला. “या मॅडम, या. इन्स्टावाल्या कॉम्प्युटरसारखा नाहीये हा. हा आपल्या आजोबांच्या वेळचा पीस आहे.”

मला उत्तर सुचलं, पण इंग्रजीत. ते म्हटलं नाही.

“काय झालंय?” मी विचारलं. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

“विंडोज करप्ट. सकाळपासून तीनदा बघितलं. निळा पडदा, रीस्टार्ट, निळा पडदा. काही राहिलं नाही त्यात. नवीन टाकतो. सी ड्राइव्ह उडवायचा, आपल्याला जास्त वेळ लागत नाही.”

“डिझाइनं?” शेठनी विचारलं.

“डेटा डी ड्राइव्हला असतो, शेठ. सगळे डी मध्येच ठेवतात. डी ला आपण हातच लावत नाही.”

“मग करा, भाऊ, लवकर करा. सोनपापडीवाल्याची डाय आज द्यायचीये. त्याचा छपाईवाला खोटी झालाय, डायवाचून अडलाय.”

जाळीचं कुलूप उघडलेलं होतं. मागच्या खणात इंजिनिअरचा पेनड्राइव्ह लागलेला, पडद्यावर विंडोज नव्याने टाकायचं इन्स्टॉलेशन सुरू झालेलं. त्याने डिस्कच्या भागांची यादी काढली. मी पप्पांच्या कानाशी गेले.

“डिझाइनं कुठे सेव्ह करता?”

“समोरच. पडद्यावर. लगेच सापडतात ना.”

डेस्कटॉपवर. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्ये असतो. हे पप्पांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. त्यांच्या दृष्टीने समोर म्हणजे समोर. इंजिनिअरने सी वर क्लिक केलं. खाली फॉरमॅटचं बटण उजळलं.

मी बोलायला पाहिजे होतं. मनात वाक्य जुळवत होते: थांबा, डेटा तिथेच आहे. इतकं सोपं वाक्य. पण त्याचा हात माउसवर होता, शेठ घड्याळाकडे बघत होते. मी वाकले आणि मागच्या खणातला पेनड्राइव्ह उपटून काढला.

“अरे!” इंजिनिअर उठलाच. “काय करताय मॅडम? डोकं ठिकाणावर आहे का? असं मध्येच काढतात?”

“ए मुली,” शेठ म्हणाले. “हे काय?”

कारागीर हसले. “शेठ, घेतला का पेनड्राइव्ह काढून! आता काय करशाल?”

“डिझाइनं सी मध्ये आहेत,” मी म्हटलं. “डेस्कटॉपवर. सी फॉरमॅट केला असता तर सगळी गेली असती.”

इंजिनिअरने पप्पांकडे बघितलं. “डेस्कटॉपवर ठेवता?”

“समोर असतात,” पप्पा म्हणाले.

“मग हे आधी सांगायचं ना!”

“तुम्ही विचारलं नाहीत,” मी म्हटलं, आणि माझे कान गरम झाले. पेनड्राइव्ह अजून माझ्या मुठीत होता. तो परत मागायला त्याने हात पुढे केला, मी दिला नाही. “मला एकदा सुरू होताना बघू द्या. फक्त बघू द्या.”

शेठ माझ्याकडे बघत राहिले. मग मानेनेच इंजिनिअरला बाजूला व्हायला सांगितलं.

मी खुर्चीवर बसले. डब्याच्या कपाळावर कुंकवाचा टिळा होता, झेंडूच्या पाकळ्या हवेच्या जाळीत अडकल्या होत्या. मशीन चालू केलं. सगळ्यात आधी, विंडोजच्याही आधी, काळ्या पडद्यावर काही ओळी येतात. त्या इतक्या पटकन जातात की बहुतेक लोक वाचतच नाहीत. मी पॉजचं बटण दाबून त्या थांबवल्या. कोपऱ्यात तारीख होती. एक जानेवारी, आणि मी शाळेत होते तेव्हाचं कुठलं तरी वर्ष.

तिथेच मला कळलं. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो. मशीनची वीज पूर्ण तुटली तर तारीख आणि काही मूळ सेटिंग्ज लक्षात ठेवायच्या, एवढंच त्याचं काम. भिंतीतून वीज येत असते तोवर त्याचं कामच पडत नाही. तो मेला तरी पत्ता लागत नाही. हा कधी मेला कोण जाणे. भिंतीतलं बटण बंद झालं आणि मशीन सगळं विसरलं. डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं हेसुद्धा. विसरल्यावर त्याने नवी पद्धत धरली, जी त्या जुन्या विंडोजला कळत नाही. म्हणून निळा पडदा. काहीही करप्ट झालं नव्हतं. डिझाइनं जागच्या जागी होती.

मी सेटिंग्ज उघडल्या. एकेक बटण मुद्दाम सावकाश दाबलं. डिस्कची पद्धत जुनी केली, आजची तारीख घातली, सेव्ह केलं. काळा पडदा. मग काळाच पडदा. माझ्या मागे कुणाचा तरी श्वास जोरात चालला होता. तो इंजिनिअरचा होता, तो माझ्या खांद्यावरून वाचत होता. मग विंडोजचं जुनं चिन्ह आलं, खालची पट्टी सरकायला लागली, आणि डेस्कटॉप उघडला.

तो पूर्ण भरलेला होता. एक रिकामी जागा नव्हती. काजू कतली अर्धा किलो. काजू कतली अर्धा किलो नवीन. काजू कतली फायनल. काजू कतली फायनल खरंच. पप्पांनी पुढे येऊन एका बोटाने पडद्याला स्पर्श केला, जणू मोजून घेत होते, आणि मागे झाले.

“मोड बदलला होता होय,” इंजिनिअर पुटपुटला. “हे डोक्यात यायला पाहिजे होतं.” त्याने मला पहिल्यांदा नीट बघितलं. “कुठे काम करता तुम्ही?”

“घरून,” मी म्हटलं.

“झालं ना?” शेठनी टाळी वाजवली. “बस. आता कुणी हात लावायचा नाही. चला, सोनपापडी काढा.”

इथे हे संपायला हवं होतं. पप्पांनी माझ्याकडे बघितलं, त्या बघण्यात तेच होतं: संपलं. पण सेल मेलेलाच होता. पुन्हा वीज तुटली की पुन्हा हेच, आणि तेव्हा मी इथे नसणार, दुसरा कुणी तरी पेनड्राइव्ह घेऊन येणार.

“आधी सगळं कॉपी करू द्या,” मी म्हटलं. “माझ्याजवळ डिस्क आहे. ती तुमच्याच कपाटात ठेवा. मी नेणार नाही.”

शेठनी थोडा विचार केला. “ठीक आहे. माझ्यासमोर.”

“आणि नंतर आतला सेल बदलावा लागेल. त्यासाठी मशीन बंद करावं लागेल.”

“बंद?” त्यांचा चेहरा बदलला. “एकदा आपोआप बंद पडलं तर ही अवस्था झाली, आणि तू परत बंद करायला सांगतेस? तो स्टिकर कशाला लावलाय?” ते इंजिनिअरकडे वळले. “मुळात बंद का पडलं ते सांगा मला. लाइट गेली नाही. यूपीएस आहे. मग?”

“यूपीएसच गेला असेल, शेठ. बॅटऱ्या वीक होतात. नवीन बसवू.”

“बसवा. तेच करा. आणि सेल-बिल काही नको. चालतंय ना, चालू द्या.”

मला पुढचं सगळं दिसत होतं. नवा यूपीएस येणार, जुना सेल तसाच राहणार, स्टिकर तसाच राहणार. पप्पांच्या एका वाक्यावरून दोन शहाणी माणसं चुकीच्या पेटीकडे बघत होती.

शेठ माझ्याकडे वळले. “तू सांग. तुला कळतं ना. यूपीएसच ना?”

पप्पा माझ्या डावीकडे उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं असतं तर शेठना कळलं असतं. म्हणून मी पडद्याकडे बघत राहिले. कॉपी सुरू झाली होती, हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे जात होती. हो म्हटलं की पप्पांची नोकरी राहते. नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार: मग काय? फोरमवर मी याच जागी किती जणांना फाडून खाल्लं होतं. खरं सांगा, नाहीतर मदत मागू नका. तिथे ते लिहायला काही लागत नाही. तिथे कुणाचे वडील शेजारी उभे नसतात.

मी काहीच बोलले नाही. न बोलणं हीच एक गोष्ट मला नेहमी जमते, आणि त्या वेळी ती मला फार वाईट वाटली.

“यूपीएस बरा आहे, शेठ,” पप्पा म्हणाले.

शेठ वळले.

“मी बंद केलं होतं. पूजेच्या आदल्या संध्याकाळी. सगळी मशीनं बंद केली, म्हणून हेही केलं.”

“तू केलंस?” शेठ पप्पांना नेहमी तुम्ही म्हणतात, हे पप्पांनी मला घरी अभिमानाने सांगितलेलं होतं. “स्टिकर वाचता येत नाही तुला?”

“येतो.”

“मग?”

“दसऱ्याला चालू हत्याराची पूजा करत नाहीत,” पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज खाली होता, पण अडखळला नाही. “दर वर्षी मला ते खटकतं.”

हातोडी घेतलेले कारागीर मध्येच म्हणाले, “पन शेठ, कुंकू तुमीच लावलं त्याला. तवा पडदा काळाच होता. मी नारळ धरून बाजूलाच होतो. कुनाच्या ध्यानात आलं नाय.”

शेठनी कॉम्प्युटरच्या डब्याकडे बघितलं. टिळा स्टिकरच्या बरोबर वर होता. कुंकवाचे दोन कण ‘बंद’ या शब्दावर पडले होते. ते त्यांच्याच बोटांनी लावलेलं होतं. मागे पंखा फिरत होता.

“सकाळी मी तुला विचारलं,” ते म्हणाले. “तोंडावर विचारलं. तेव्हा सांगता आलं असतं.”

“हो,” पप्पा म्हणाले.

“ते आपण नंतर बोलू.”

त्या ‘नंतर’ला काही तारीख नव्हती. शेठ स्टूल ओढून पडद्यासमोर बसले आणि हिरव्या पट्टीकडे बघायला लागले. मग आम्ही सगळेच बघत राहिलो. इंजिनिअर कुणी न सांगता बाहेर गेला आणि नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडून सेल घेऊन आला, माझ्या हातात देताना म्हणाला, “हा तरी मला करू द्या, मॅडम, नाहीतर शेठ मला परत बोलावणार नाहीत.” मी म्हटलं, करा. पेनड्राइव्ह तेव्हाच परत दिला. माझ्या तळहातावर त्याचा चौकोनी वळ उठला होता.

कॉपी पूर्ण झाली. मी काही फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडून दाखवल्या, कॉपी खरंच झाली आहे हे दाखवायला. शेठनी डिस्क घेऊन कपाटात ठेवली, किल्ली खिशात टाकली.

“आता बंद कर,” ते पप्पांना म्हणाले. “तूच कर. एकदा केलंस ना.”

पप्पांनी शटडाऊन दिलं. पडदा विझल्यावर यूपीएस बंद केला. मग भिंतीपाशी गेले, बटणावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. बटण खाली गेलं तेव्हा पंख्याचा एक बारीक आवाज, जो आल्यापासून कानात होता आणि ऐकू येत नव्हता, तो थांबला. इंजिनिअरने डबा उघडला. आत धुळीची वाकळ झाली होती, तिच्यात एक वाळलेली झेंडूची पाकळी. जुना सेल निघाला, नवा बसला. सेटिंग्ज मी पुन्हा घातल्या. मग आणखी एकदा भिंतीतलं बटण बंद केलं, मुद्दाम, थोडा वेळ तसंच ठेवलं आणि चालू केलं. हे मीच सांगितलं होतं, आणि तेवढा वेळ शेठ माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की मी खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरची मूठ घट्ट धरून ठेवली.

तारीख बरोबर होती. काजू कतली फायनल खरंच, बरोबर होती.

परत येताना पप्पा स्कूटर सावकाश चालवत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, “तू हो म्हणाली असतीस तरी मी काही बोललो नसतो.”

“माहीत आहे,” मी म्हटलं.

“मग हो का नाही म्हणालीस?”

फोरमवर कुणी विचारलं असतं तर मी चार परिच्छेद लिहिले असते. मी म्हटलं, “त्यांनी उगाच नवा यूपीएस आणला असता.” पप्पांचे खांदे हलले. हसले की काय ते मागून कळलं नाही.

दिवाळी झाली. मिठाईचे बॉक्स गेले. सातिवलीच्या गाळ्यांना सुट्टी शुक्रवारी असते. गुरुवारी संध्याकाळी निघताना पप्पा आता कॉम्प्युटर बंद करतात आणि मला फोन करतात, “बंद केला गो.” शेठनीच तसं सांगितलंय, स्टिकर अजून आहे, तो कुणी काढला नाही. ते ‘नंतर बोलू’ म्हणाले होते ते अजून बोललेले नाहीत. पप्पांना आता ते तू म्हणतात.

शुक्रवारभर पप्पा घरात असतात, पेपर वाचतात, मम्मीला नारळ खवून देतात, आणि मधूनच माझ्याकडे बघतात. मीही बघते. शनिवारी सकाळी मी लॅपटॉप उघडून बसते, पण फोन येईपर्यंत काम होत नाही. मग तो येतो. मागे मशीनांचा आवाज असतो, आणि पप्पा फक्त म्हणतात, “उठला.”